श्रीपादचा आग्नेय कोपरा

"अहो, नळाच्या डोक्यावर विजेचा प्लग? शुद्धीवर आहात ना?"

"शालिनी, दिशांमधलं कळत नसेल तर बोलू नये."

"दिशा नसतील कळत, पाणी कळतं मला. ऑफिसात रोज कपबशा मीच विसळते तिथे."

"मग जरा बेतानं विसळ!"

हे भांडण अख्ख्या मजल्यानं ऐकलं. नोएडातल्या त्या नव्या सोसायटीच्या भिंतीच अशा, की शेजारी फोडणी पडली तर इकडे ठसका लागावा. मुद्दाम कान लावायची गरजच नव्हती.

श्रीपाद खांबेटे पुण्याहून आलेला. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. तेव्हा ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता आणि श्रीपाद ते ऑफिसांना पुरवायचा. सेक्टरच्या मार्केटात वरच्या मजल्यावर त्याचं स्वतःचं ऑफिस. पुढे दोन टेबलं, मागे कपाटाएवढी पँट्री. पँट्री आपली म्हणायची. एक सिंक, एक फळी, आणि माणूस आत शिरला की हवा बाहेर. शालिनी दुपारी जाऊन फोन घ्यायची, चहा करायची. पगारी माणसापेक्षा बायको बरी, ती रजा मागत नाही.

विजेची किटली आधी पुढच्या खोलीत होती, चांगली कोरड्या जागी. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण धंदा जरा मंदावला आणि कुणीतरी श्रीपादला एक वास्तुवाला गाठून दिला. तो होकायंत्र घेऊन आला, इकडून तिकडे फिरला आणि म्हणाला, "अग्नी आग्नेय में चाहिए जी, बिल्कुल."

आग्नेयेला नेमकं सिंक. बिल्डरनं घातलेला पाइप काही हलेना. मग श्रीपादनं डोकं चालवलं. डोकं देव देतो, ते कुठे चालवायचं हे मात्र सांगत नाही. सिंक राहू दे, अग्नीच त्याच्यावर आणू! नळापासून वीतभर वर बोर्ड ठोकायचं ठरलं.

वायरमनसुद्धा बिचकला. "साहब, छींटे पड़ेंगे."

"अच्छा? इंजीनियर तुम हो या मैं?"

इंजिनिअर होता हो, खराखुरा. कॉलेजनं पदवी दिलेली, फ्रेम करून भिंतीवर लावलेली.

महिन्याभरात एक मोठी ऑर्डर आली आणि कोपरा पावन झाला. शालिनीनं कपबशी विसळताना नळाला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. तिनं घरी सांगितलं.

"वात असेल," श्रीपाद म्हणाला. "ओवा खा."

"ओव्यानं वीज उतरते का?"

"तुझ्या तोंडाला कोण लागणार!"

बाईनं त्या माणसाकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. साडी नाही, सहल नाही. आता एकच मागणं होतं, हात जायच्या आधी तो बोर्ड तेवढा हलवा. ते मागणं रोज ताटाबरोबर वाढलं जाई आणि ताटाबरोबरच उचललं जाई.

संक्रांतीला श्रीपाद महाराष्ट्र मंडळाच्या बसनं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचा. तिथे वीरांवर भाषण ठोकायचा. आवाज असा, की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. तलवारीवर तलवार आदळवायचा गडी, आणि घरी एका कोपऱ्याला भ्यायचा.

त्या वर्षी तो तिकडे लढत असतानाच इकडे पँट्रीत किटलीची वायर ओल्या सिंकात घसरली आणि शालिनीनं ती सवयीनं धरली. नशीब, की झटक्यानं मागे फेकली गेली. आवाज ऐकून खालचा झेरॉक्सवाला विनय धावत आला, त्यानं मेन बंद केला. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आखडली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

श्रीपाद संध्याकाळी दवाखान्यात आला, कपाळाला अजून पानिपतची माती. म्हणाला, "पडलीच कशी वायर? नीट धरायची ना."

"बोर्ड काढताय का?"

"अगं, त्या जागेनंच तर ऑर्डर आली."

"मग ऑर्डरी तुमच्या आणि चहाही तुमचाच," शालिनी म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली. त्या ऑफिसचा जिना ती पुन्हा चढली नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीपादनं स्वतः किटली भरली. हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, किटली खाली ठेवली आणि जिन्यावरून चहाच्या टपरीवाल्याला हाक मारली. तेव्हापासून चहा खालूनच. पण आग्नेय थंड कसा ठेवायचा? म्हणून त्या प्लगात एक लाल झिरोचा दिवा आला. रबरी चपला घालायच्या, एक हात पाठीमागे धरायचा आणि लांबून लाकडी फूटपट्टीनं बटण दाबायचं. बायकोला वात, स्वतःला फूटपट्टी.

ऑर्डरी आल्या तशा गेल्या. श्रीपादही गेला, पहाटे झोपेत, हृदय थांबून. विजेनं त्याला कधी शिवलंसुद्धा नाही.

आदल्या संध्याकाळी दिवा उडाला होता. तो खाली दुकानात गेला, हिरवा देणाऱ्यावर खेकसला, दोन लाल दिवे लावून पाहिले आणि त्यातला एक रुमालात गुंडाळून वर आणला. चपला घातल्या. बटण बंद असल्याची खात्री करून दिवा खोचला, मागे सरकला, फूटपट्टी पुढे केली. सिंक लाल झालं. मग त्यानं कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि खाली येऊन सायकलरिक्षात बसत म्हणाला, "चलो भाई."