डूख धरलेले कावळे

लिफ्टमामांचं सगळं आयुष्य एका पत्र्याच्या पेटीत गेलं. मोठ्या कचेरीत ते लिफ्ट चालवायचे. वर, खाली, पुन्हा वर. स्टुलावर बसायचं, बटण दाबायचं, आत येणाऱ्याला मान हलवायची. बाहेर पाऊस पडतोय हे त्यांना कळायचं ते लोकांच्या ओल्या छत्र्यांवरून. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात आरामखुर्ची टाकली आणि दिवसभर आभाळ बघत बसले. तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? अहो, ज्याला जन्मभर डोक्यावर पत्राच दिसला त्याला विचारा!

दुपारी त्या खुर्चीत डोळा लागला, की मामांना वाटायचं आपण अजून लिफ्टमध्येच आहोत, फक्त तिचं छत कोणीतरी काढून नेलंय आणि ती हळूहळू ढगांतून वर चाललीय. मग मामींची हाक आली की ते खाली यायचे.

पण गेलं वर्षभर ती हाकच येत नव्हती. मामींची धाकटी बहीण गेली होती. शेवटचे कितीतरी महिने ती एका खोलीत पडून होती, दार लावलेलं, पडदे ओढलेले, आणि उशाशी मामी. ती गेली आणि मामींनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. ठणठणीत बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मामा चहा करून न्यायचे आणि गार झालेला कप परत आणायचे. मामा फार घाबरले होते. रात्री तिचा श्वास ऐकत पडायचे.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी दूधवाल्याकडून एक खुडूक कोंबडी आणली, तिच्याखाली अंडी ठेवली. एका सकाळी टोपलीतून चिवचिव सुरू झाली आणि मामी चक्क उठून बाहेर आल्या. केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. एक पिल्लू तळहातावर घेऊन म्हणाल्या, "अहो, केवढं गरम आहे हे!" मामा तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि मनसोक्त रडून आले. त्या दिवसापासून मामी रोज उठायच्या, पिल्लं मोकळी सोडायच्या. छाती काढून चालणाऱ्या एका पिल्लाला त्यांनी 'साहेब' म्हणायला सुरुवात केली.

आता मामांनी स्वस्थ बसावं की नाही? पण नाही. कुंपणालगतच्या झाडावर कावळे होते. ते खाली उतरून पिल्लांचे दाणे पळवायचे. एकाने तर साहेबांच्या शेपटीला चोच मारली. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी डबा बडवला, दगड भिरकावले, शेवटी बांबूने कावळ्यांचं अर्धवट बांधलेलं घरटं पाडलं. कावळे उठले आणि गल्लीच्या टोकाच्या झाडावर जाऊन बसले. जाताना मामांचं तोंड मात्र नीट बघून गेले. त्यानंतर मामा दूध आणायला निघाले, की सगळी जमात डोक्यावर घिरट्या घालायची, टपल्या मारायची. दुसऱ्या कोणाच्या वाटेला जायची नाही. भर उन्हाळ्यात मामा छत्री घेऊन, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून चोरासारखे भिंतीच्या कडेने जायचे. गल्लीची चांगलीच करमणूक झाली.

अंगण शांत झालं. मामा खूश. खुर्चीत पडून उन्हाचे कवडसे बघता बघता त्यांची लिफ्ट वर निघाली, ढगांशी पोचली, आणि वरून एक सावली अलगद खाली गेली. कोंबडी घशातून लांब ओरडली. मामांनी डोळे उघडले तेव्हा घार छपरावरून वळत होती. साहेब नव्हते.

मामी आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

 मामांनी उरलेली पिल्लं मोठ्या टोपलीखाली झाकली. संध्याकाळी मामी पाणी प्यायला उठल्या, टोपली बघितली आणि कडाडल्या, "काढा ती टोपली आधी. कोंडून जगवायचंय कुणाला? एकीला कोंडलेलं बघितलंय मी, पुरे झालं." मामांनी मुकाट्याने टोपली काढली. काठीला जुना कोट घालून बुजगावणं केलं. घार दोन दिवस बिचकली, मग त्याच्या खांद्यावरच येऊन बसली. निलाजरी कुठची! आणखी एक पिल्लू गेलं. मामी आता दुपारचंही उठेनात.

शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मामा, घारीला हुसकावतं कोण? कावळेच ना? तुम्ही पहारेकऱ्यांनाच हाकललंत की हो!"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी गल्लीच्या टोकाला पावाचे तुकडे टाकले, हात जोडले, चार गोड शब्दही बोलून पाहिले. कावळ्यांनी पाव खाल्ला आणि मामांना टपली मारली. अंगणात यायचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ स्वच्छ होतं. मामा खुर्चीत बसले होते, पण डोळा मिटायची हिंमत नव्हती. पिल्लं मातीत लोळत होती. दाराशी मामी येऊन टेकल्या होत्या, कशा कोण जाणे, हातात मूठभर दाणे. इतक्यात कोंबडी तशीच लांब ओरडली. घार उतरत होती, सावकाश, घाई नसल्यासारखी. पिल्लं चौफेर पांगलेली. मामी किंचाळल्या, "अहो!"

मामांनी टोपी काढून फेकली. बोडक्या डोक्याने अंगणाच्या मधोमध गेले, तोंड वर केलं आणि डबा बडवत ओरडले, "अरे ए! हा बघा मी! घरटं पाडणारा मीच! या, घ्या सूड!"

आणि ते आले. गल्लीच्या टोकाचं झाड रिकामं झालं. कावकाव करत अख्खी टोळी अंगणावर कोसळली. कोणी टाळूवर चोच मारली, कोणी कान ओढला. मामा डोळे घट्ट मिटून उभे राहिले, जागचे हलले नाहीत. खाली येणारी घार त्या काळ्या गर्दीत अडकली. कावळ्यांना एकाऐवजी दोन दुष्मन सापडले. अर्धे मामांना चिकटले, अर्धे घारीच्या मागे लागले आणि तिची पिसं उपटत तिला पार दिसेनाशी करून आले.

पिल्लं कोंबडीच्या पंखाखाली होती. सगळी. मामांच्या टकलावरून रक्ताचा ओघळ आला होता. मामींनी तो बघितला, पदर तोंडाला लावला आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या पायरीवर बसल्या, हसता हसता रडल्या, बहिणीचं नाव घेऊन मोठ्याने रडल्या, आणि मग कापूस आणि औषध घेऊन आल्या. "तुमचं कोणाशी पटत नाही," त्या टाळू पुसत म्हणाल्या, "ते एका परीने बरंच झालं."

सकाळी मामांच्या खांद्याला कोणीतरी गदागदा हलवत होतं. खिडकीतून कोवळं ऊन आलं होतं आणि मामी समोर उभ्या होत्या, वेणी घातलेली, चप्पल पायात.

"अहो, उठा ना. पिल्लं सोडायचीत. तुम्ही बाहेर उभे राहिल्याशिवाय कशी सोडू?"

मामा केव्हाच जागे झाले होते. पण तिने आणखी एकदा हाक मारावी म्हणून ते डोळे मिटून पडून राहिले.