पाण्याखालचं जांभूळ

आमच्या घरातलं सर्वांत मोठं भांडण ज्या जागेवरून झालं, त्या जागेवर सध्या मासे राहतात.

त्याचं असं झालं. आमचं जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी दुसरीत होतो. आता नव्या गावठाणातल्या शाळेत मी नववीला इतिहास शिकवतो. गेल्या वर्षी मौखिक साधनांचा धडा शिकवताना मला अवदसा आठवली आणि मी मुलांना म्हणालो, "घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि बुडालेल्या गावाचा नकाशा काढून आणा."

अठ्ठावीस मुलांनी अठ्ठावीस नकाशे आणले. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर गावातलं प्रत्येक घर देवळाला चिकटून होतं आणि गावाच्या टोकाला कुणीच राहत नव्हतं. प्रत्येकाच्या गोठ्यात बारा म्हशी. (एवढ्या म्हशी असून माझ्या वाटीतलं दूध निळं का दिसायचं, हा वेगळा संशोधनाचा विषय आहे.) मुख्याध्यापकांना मात्र कल्पना फार आवडली. "एक मेच्या झेंडावंदनाला नकाशा शाळेच्या भिंतीवर पाहिजे. एकच, आणि बिनचूक."

बिनचूक नकाशासाठी मी दोन भरवशाचे साक्षीदार गाठले. एक माझी आई, दुसरी माझी चुलती, शांताकाकी. दोघी जुन्या गावात शेजारी, नव्यात समोरासमोर. दुपारचा चहा दोघींपैकी कुणी कधी एकटीनं घेतला नाही. बाबा आणि काका गेल्यापासून तर तो चहा म्हणजेच त्यांचा दिवस. मी ओट्यावर भलामोठा कागद पसरला. देऊळ झालं, विहीर झाली, चावडी झाली. मी मनातल्या मनात आदर्श शिक्षक पुरस्कार घेऊनही आलो. मग विचारलं, "आणि ते जांभळाचं झाड?"

"आमच्या अंगणात," आई म्हणाली.

"आमच्या," काकी म्हणाली.

"शांते, तुझ्या अंगणात तुळस मावत नव्हती. जांभूळ कुठून मावलं?"

"बाई, जांभळं कुणाच्या दारात पडायची? झाडून झाडून माझी कंबर गेली. तुमी नुस्त्या येचून न्यायच्या."

"म्हंजे मी चोरटी?"

"मी नाय म्हनले. तुमीच म्हनला."

मी आईच्या बाजूला झाड काढलं, खोडलं, काकीच्या बाजूला काढलं, खोडलं. सातव्या वेळी कागदाला भोक पडलं. तेव्हा मी सुचवलं, की आपण झाड वगळूनच टाकू. त्यावर दोघी त्या दिवसात प्रथमच एका बाजूला आल्या.

"झाड नाय तर नकाशा नाय," काकी म्हणाली.

"आणि हा मास्तर पण नाय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद. मधे दहा पावलांचा रस्ता, पण निरोप सगळे माझ्यामार्फत. "तिला सांग, तिची शेळी आमच्या मेथीत शिरलीय." मी वळून काकीकडे बघायचो. तिनं सगळं ऐकलेलं असायचं. "त्यांना सांग, शेळीला नकाशा वाचता येत नाय." पंधरा दिवसांत आईनं चहा सोडला आणि काकीनं अर्धं जेवण. माझ्या बायकोनं मला आत बोलावलं.

"वर्गात काय दिवे लावायचे ते लावा," ती म्हणाली. "पण ह्या दोघींना एकमेकींशिवाय कोण आहे? एखादी हाय खाईल. तुम्ही उकरलंय, तुम्हीच बुजवा."

एप्रिलअखेर पाणी उतरलं आणि जुन्या घरांची जोती उघडी पडली. मी जीप सांगितली. पुढं आई, मागं काकी, दोघींच्या मधे मोजायची टेप आणि नववीची दहा मुलं, सीमाप्रश्न सोडवायला. गाळ असा, की माझी एक चप्पल देवळापाशीच कामी आली. घरांची दगडी जोती सापडली, पण झाडाचा खुंट कुठंच दिसेना. मुलं टेप घेऊन धावत होती. आई आपल्या जोत्यावर उभी, काकी आपल्या. काकी वाकली आणि चुलीच्या जागेवरचा गाळ हातानं बाजूला करायला लागली. आई तिच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात वर्गातल्या कोमलनं मोबाईल पुढं धरला. "आजी, गाव सोडलं त्या दिवशी काय झालं व्हतं?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे ध्यान जांभळाला मिठी मारून बसलं व्हतं. ट्रक भरला तरी सोडंना."

"सोडंना म्हंजे?" काकी उठून उभी राहिली. "मी हात सोडवाय गेले तर चावला मला."

"मी खालून पाय वढत व्हते."

"पाय कुठं, बाई? चड्डी वढली तुमी."

आईनं तोंडाला पदर लावला. "ती ऱ्हायलीच की गं तिथं, फांदीला."

"आन् हा तसाच ट्रकात. मंचरच्या बाजारातनं नेला तसा."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता काकीनं डोळे पुसले, तर आई गाळ तुडवत तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. मला सगळीकडे बघता येत होतं, फक्त मुलांकडे नाही.

कोमलचं अजून संपलं नव्हतं. "पाय वढताना तुमी कुठं उभ्या व्हत्या, आजी?"

"माझ्या अंगणात."

"आन् काकीआजी?"

"माझ्या अंगणात की."

"सर, मंग झाड बरोबर मधोमध व्हतं," कोमल म्हणाली. "आन् भांडणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत्यात, म्हंजे ती खरी धरायची. तुमीच लिहून दिलंय."

लिहून दिलं होतं. येताना दोघी जीपमध्ये मागं शेजारीशेजारी बसल्या, आणि घरी पोचल्यावर बायकोनं आधी चहाचं आधण ठेवलं.

नकाशा एक मेला वेळेवर रंगवून झाला. देवळाला कळस आहे, विहिरीला रहाट आहे, दोन घरांच्या मधोमध जांभूळ आहे. जांभळावर एक लाल ठिपका आहे आणि खाली सूचीत त्याचा अर्थ दिलाय: 'सरांची चड्डी (मौखिक साधनांनुसार)'. मुख्याध्यापक पुसू देत नाहीत, कारण नकाशा बिनचूक आहे. भौतिक पुरावा अजून कुणाला सापडलेला नाही. यंदा धरण काठोकाठ भरलंय, एवढाच काय तो दिलासा.