भरमूचा कलता दरबार

खासबागचा भरमू रंगारी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. त्याच्या महालाचे खांब असे सरळ की नटांना टेकून उभं राहावंसं वाटे. पण मिठाच्या चळवळीच्या साली, निपाणीच्या मुक्कामात, त्यानं दरबाराचा पडदा भलताच रंगवला. खांब कललेले, सिंहासन तिरकं, छत अंगावर आलेलं.

“हे काय रं, भरमू?” कंपनीचे मालक पद्मराजआप्पा म्हणाले.

“वाकून मुजरा करणाऱ्याला दरबार असाच दिसतोय, आप्पा.”

नटमंडळी त्या पडद्यावर लुब्ध झाली. नाटकाची वही सरकारनं आधीच वाचून पास केली होती. पडद्याला मात्र शब्द नव्हते. खेळाच्या दिवशी दुपारी फौजदार त्या पडद्यापुढं थबकला.

“सिंहासन पडतंय होय? अर्थ सांगा, न्हाईतर पडदा जप्त.”

भरमू पुढं झाला.

“अर्थ कसला, सायेब? हात चुकला. सरळ रेघच जमंना झालीया.”

फौजदार पोट धरून हसला. “असला रंगारी कुठनं धरून आणला, आप्पा?” म्हणत त्यानं परवानगी दिली.

खेळात पडदा उलगडला, तेव्हा तंबाखूच्या वखारीतल्या कामकरी बायका टाळी विसरून बघत राहिल्या.

फौजदारानं तो किस्सा गावोगाव सांगितला. कंपन्यांनी भरमूला बोलावणं सोडलं. तो शहापुरात दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. जुने नट भेटले की चिडवायचे, “खरं सांगायचं व्हतंस रं.”

“मग पडदा चावडीत पडला असता,” भरमू चहा पुढं करत म्हणायचा, “आणि तिथं कोण नाटक बघाय जातंय?”