टमाट्याच्या पानाचा वास

वकीलकाका गौलीगुडा मोहल्ल्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर कोर्टात वकिली केली, काकू गेल्या, मुलगी पुण्याला असते. स्वयंपाक स्वतःच करतात. लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा टमाटे कसे निवडायचे ते मला सासरच्या कुणी नाही, त्यांनी शिकवलं.

चकचकीत, एकसारख्या गोल टमाट्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. "हे प्रवासासाठी वाढवलेत, जेवणासाठी नाही," म्हणायचे. त्यांना हवे नाटू, म्हणजे गावरान. जरा चपटे, खोबणी पडलेले. एकेक हातात तोलायचे. दिसतो त्यापेक्षा जड लागला की मग देठाकडची बाजू नाकाशी धरायचे. भाजीवाली अम्मा वैतागायची.

"सूंघ के क्या देखते साब? टमाटे है, इत्तर थोड़ी है!"

"वास नाही तर चव नाही," काका मला मराठीत सांगायचे आणि तिला नुसतं हसून दाखवायचे.

घरी आणले की देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न टेकवता, कागदावर मांडायचे. पिकलेले आधी वापरायचे. फ्रिजमध्ये मुळीच नाही. थंडीत वास मरतो. मीही वर्षानुवर्षं तसंच करत आले.

मग दोन वर्षांपूर्वी मला ताप आला आणि तापाबरोबर मला वासच येईनासा झाला. फोडणी करपली तरी कळेना. पहिल्या महिन्यात मी टमाटा नाकाशी धरून बघायची. काहीच नाही. ओला दगड धरावा तसं. शेवटी मी टमाटे आणणंच सोडलं, वरणात चिंच घालू लागले. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. मी धरला. जवळजवळ वर्ष झालं.

एप्रिलमधली ती दुपार. मी जेवणाच्या टेबलावर शाळेचे पेपर तपासत होते, माझी मुलगी आत अभ्यासाला बसली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि मला वास आला.

टमाट्याचा नाही. टमाट्याच्या झाडाचा. पान चुरडलं की बोटांना चिकटून राहतो तो उग्र, हिरवा वास. इतका जवळून, की मी दचकून स्वतःचे हात बघितले. हाताला लाल शाई होती, बाकी काही नाही.

मी मुलीला हाक मारली. "तुला कसला वास येतोय का गं?"

तिने येऊन दोनदा नाक ओढलं. "नाही आई. कसला?"

मी साबण हुंगला, कॉफीचा डबा उघडून हुंगला. दोन्ही मुके. तो एकच वास मात्र घरभर होता. आनंद व्हायला हवा होता, पण मी घाबरले. मी दार उघडलं, तर जिन्यात तो जास्त. खाली उतरू लागले तशी पायरीगणिक वाढत गेला. काकांच्या दारापाशी तर डोळ्यांत पाणी यावं इतका.

बेल वाजवली. दार ठोठावलं. उत्तर नाही. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असायची. मुलगी पळत जाऊन घेऊन आली. दार उघडून मी आत पाऊल टाकलं आणि वास थांबला. कमी झाला नाही, थांबला. झाकण घातल्यासारखा.

काका स्वयंपाकघराच्या फरशीवर पडले होते. डोळे उघडे. सकाळी पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आणि हाक मारावी तर आवाज फुटत नव्हता. मी त्यांच्या तोंडाला पाण्याचं बोट लावलं, मुलीने तिच्या बाबांना फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आली. जिन्यातून स्ट्रेचर निघताना मी मागे वळून ओट्यावर नजर टाकली. कागद पसरलेला होता, त्यावर एकही टमाटा नव्हता.

आठवड्याने हॉस्पिटलमध्ये विचारलंच. "काका, त्या दिवशी घरात टमाटे होते?"

"नाही गं. उन्हामुळे दहा दिवस बाजारात गेलोच नव्हतो."

मग मी सगळं सांगितलं.

"तुझ्या काकूने जुन्या घराच्या गच्चीवर टमाटे लावले होते," ते म्हणाले. "जास्तीचे फुटवे मी खुडायचो. त्या दिवशी पडल्या पडल्या शुद्ध जाऊ नये म्हणून मनात तेच करत होतो. एकेक झाड. सकाळपासून खुडत होतो."

नर्स आली, तिने सलाईन बदललं, आणि आम्ही तिच्याशीच हवापाण्याच्या गप्पा मारू लागलो.

काका आता काठी घेऊन चालतात. मला कॉफीचा वास पुसटसा येऊ लागलाय, उदबत्तीचाही. रोज शाळेला निघताना मी त्यांच्या दारापाशी थांबते आणि बेल वाजवण्याआधी एक खोल श्वास घेते. तो वास आला नाही, की मगच माझा जीव भांड्यात पडतो. एकदा त्यांनी अचानक दार उघडलं आणि मला तसं डोळे मिटून उभं असलेलं बघितलं.

"आहे का काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही काका."

"मग जा. उशीर होईल."