रिठीतल्या बांध्या

"मॅडम, तिथं माणूसच राहत नाही, तर धान काय भुतं लावतात?" साहेबांनी माझ्या स्क्रीनवर पेन ठोकलं.

नागपूरच्या एका ऑफिसात मी उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायचे. काम होतं गोंदिया जिल्ह्यातल्या कामठा आणि चिचगड या दोन भागांची तुलना. १९९९ पासून २०११ पर्यंत कुठं शेती वाढली, कुठं घटली. कॉम्प्युटर चित्रातल्या प्रत्येक चौकोनाला नाव देतो: शेती, जंगल, पाणी, वस्ती. जंगल डिसेंबरातही हिरवं असतं. धान पावसाळ्यात हिरवं, कापणीनंतर तिथं नुसती माती. दोन मोसमांची चित्रं शेजारी ठेवली की फरक कळतो.

कामठ्याकडचं काम सरळ होतं. अडलं ते चिचगडच्या पुढं. तिथं जंगलात शेतीचा एक तुकडा दरवर्षी दिसायचा. जागा रिठी गावाची. रिठी म्हणजे कागदावर नाव आहे पण वस्ती कधीच उठून गेली, असं गाव.

"एरर आहे. जंगल करून टाका," साहेब म्हणाले. "सोमवारी रिपोर्ट जायचाय."

एका क्लिकचं काम होतं. पण त्या भागातले वनहक्काचे दावे तेव्हा तपासणीत होते. आमच्या नकाशात जुनी शेती दिसली तर दावेदाराला आधार, नाही तर तो अतिक्रमणवाला. मी भांडून दोन दिवस मागून घेतले.

ड्रायव्हर नरेश तिकडचाच. त्यानं जीप झाडीच्या अलीकडेच थांबवली. "मी इथंच बसतो मॅडम. रिठीत नाही येत जी."

मला हसू आलं. आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा होत्या. भुताखेतांना जागाच नव्हती.

सप्टेंबरची दुपार होती. जीपीएस घेऊन एकटीच निघाले. साग संपला आणि समोर बांध्या दिसल्या, म्हणजे धानाचे वाफे, पायऱ्यांसारखे खाली उतरत गेलेले. धान गुडघ्याच्या वर आलेलं. नुकतंच उपटलेलं तण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलं होतं, अजून ओलं. पण माणूस नाही. झोपडी नाही, बैल नाही, कुत्रं नाही. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

"नरेऽऽश!" मी जोरात हाक मारली.

"ओ," उत्तर आलं. समोरच्या झाडीतून. जीप माझ्या पाठीमागं होती.

तेवढ्यात खालच्या बांधीतून एक म्हातारी उभी राहिली. मग दुसरी बाई. मग एक गडी. धानातून एकेक करत दहा-बारा माणसं उठली, चिखलानं माखलेली. कोणी चकार शब्द काढला नाही. म्हातारी धुऱ्यावरून भराभर आली आणि तिनं चिखलाचा हात माझ्या तोंडावर दाबला.

"नाव नोको घेऊ बाई," ती कुजबुजली. "इथं नाव घेतलं का ते ओ देतेत, अन् त्या माणसाले बलावून नेतेत."

"कोण?"

"रोगात गाव उठलं, तवा जे मागंच रायले ते. आमी दिवसा येतो, मुक्यानं काम करतो, दिवस बुडायच्या आधी जातो. माह्या सासऱ्यापासून करून राहिलो."

"मग लपलात कशाला?"

"जीपचा आवाज आला. वाटलं जंगलखात्याचे आले, धान उपटतीन. तशेच पडून रायलो असतो. पण तू त्या पोराचं नाव घेतलं. आता त्याले घेऊन जा. मागं पाहू नोको."

ज्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, त्या नरेशसाठी ती सगळी माणसं उघड्यावर आली होती. मला एकदम भरून आलं.

जीपमध्ये नरेश काचा लावून झोपला होता.

"हाक ऐकलीस?"

"कोणती हाक जी?"

मी मागं पाहिलं नाही.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "जंगल केलं का?"

"नाही सर. शेतीच आहे. पाहून आले."

"आणि माणसं?"

"आहेत. फक्त राहत नाहीत."

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: वस्ती शून्य, शेती १९९९ पासून कायम. साहेबांनी तोंड वाकडं करून सही केली. पुढं म्हातारीचा दावा मंजूर झाला. त्या कागदांना आमचा नकाशा जोडलेला होता, आणि तिचं नाव मला तिथंच पहिल्यांदा कळलं. मी ते मनातल्या मनात वाचलं.

ऑफिसात नव्यानं येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: जागेवर गेल्याशिवाय चौकोनाचं नाव बदलू नका. आणि जाताना शिट्टी सोबत न्या, हाका मारू नका.