कॉलरमधलं नाव

ते नाव मी इथं लिहिणार नाही. वकिलांनी बजावलंय म्हणून, आणि ते लिहिताना अजून माझा जीव जळतो म्हणूनही. नाव साधंच आहे. सोलापुरात दर गल्लीत त्या नावाची एखादी तरी मुलगी सापडेल. आमच्या घरात ती माझी धाकटी नणंद.

तिच्या जन्माच्या वर्षी सासऱ्यांनी यंत्रमाग विकला आणि शिलाई मशिनं घेऊन शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली. धंदा लागला. पोरीचा पायगुण म्हणून त्यांनी कॉलरच्या आत तिच्याच नावाचं लेबल लावलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती. वर्गातल्या मुली तिला चिडवायच्या, सगळ्या शाळेच्या मानेवर तूच बसली आहेस म्हणून. ती भाव खायची.

तिचं लग्न झालं तेव्हा आंदणात भांडीकुंडी, एक शिलाई मशीन आणि त्या लेबलांचं भलंमोठं बंडल दिलं. जावयाला विजापूर रस्त्यावर कपड्यांचं दुकान काढायचं होतं. "पोरीचंच नाव हाय, तिच्यासंगं गेलं तर काय बिघडलं?" सासरे म्हणाले. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, नाव असंच दिलं जातं. भाऊ वेगळा निघाला, कारागिरानं स्वतःचं काही काढलं, की मालक आपलं नाव त्याच्या पाटीवर लावू देतो, वर नारळही देतो. त्याचं काही लिहून घ्यायचं नसतं. लिहून घेतलं तर माणसं दुखावतात. आता वाटतं, दुखावली असती तर परवडलं असतं.

जावई बोलायला गोड. सासरे वारले, त्याच्या पुढच्या वर्षी ते आमच्या घरी आले, चहा घेतला, म्हणाले, "वहिनी, आता समदं नेटवर चाललंय. आपल्या नावाची वेबसाइट काढतो, दोगांचीबी." मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. वेबसाइटचा पत्ताही कुणाच्या तरी मालकीचा असतो, हे आम्हाला कुठं ठाऊक! तो त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला. ट्रेडमार्कची नोंदणीही गुपचूप करून टाकली. दोन्ही गोष्टी आम्हाला कळल्या त्या एकदमच.

मे महिन्यात एका सकाळी वेबसाइटवरून आमचा नंबर गायब झाला. आमच्या ह्यांनी फोन केला तर, "टेक्निकल प्रॉब्लेम हाय, बघतो की." त्याच आठवड्यात जावयांच्या वकिलाची नोटीस आली. आमचं नाव आम्हीच चोरतोय, असा तिचा मतलब. तशीच नोटीस आमच्या गिऱ्हाईक दुकानदारांनाही गेली होती. वेळापूरच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, माल लई चांगला असतोय तुमचा. पर नावाचं लफडं हाय म्हणत्यात. आमाला कोर्टाची पायरी नगं." मग माढ्याचा, मग श्रीपूरचा. सगळ्यांचं तेच.

शाळा जूनमध्ये उघडतात. गणवेशाचा धंदा वर्षाचा असला तरी पोट भरतं ते त्या एका महिन्यात. छतापर्यंत माल रचलेला, प्रत्येक कॉलरमध्ये ते नाव, आणि कुणी हात लावायला तयार नाही. मशिनवरच्या बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. मला रडूही येईना, नुसता संताप. हे तर कापायच्या टेबलाशी बसून राहायचे, कात्री हातात घेऊन.

वकील म्हणाले, "नोंदणी त्यांची असली तरी नाव आधी तुम्ही वापरलंय, कायदा तुम्हाला साथ देईल. दाखवता येईल का?" सासऱ्यांचा सगळा धंदा तोंडी. जावयाचं म्हणणं असं, की बायकोच्या नावावरून हे नाव त्यांनाच सुचलं. आम्ही काहीही बोललो तरी ते घरच्यांचं बोलणं. "त्यांच्या घरातलं माणूस बोललं तर गोष्ट वेगळी," वकील म्हणाले. त्यांच्या घरातलं माणूस म्हणजे नणंद.

मीच गेले. हे गेले असते तर ती नुसती रडली असती. दुपारी जावई दुकानात असतात, ती वेळ साधली. पाणीसुद्धा न घेता म्हटलं, "तू लहान होतीस तेव्हापासून ते लेबल आहे, एवढंच कोर्टात सांग. खोटं बोल म्हणत नाही मी." ती ओट्याशी पाठ लावून उभी राहिली. आम्ही घरात तेलुगू बोलतो, वहिनीला वदिना म्हणतो.

"वदिना, सांगते की. कुठं बी येऊन सांगते," ती म्हणाली. "पर सांगून झाल्यावर मी कुटं जाऊ?"

माझ्याकडे ये, असं तोंडावर आलं होतं. पण आमचंच घर उद्या राहतंय की नाही ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या पोरी आतल्या खोलीत अभ्यास करत होत्या. मी चप्पल घातली आणि निघाले. रिक्षात तिला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. तिची काही चूक नव्हती हे कळत होतं, तरी बोलले.

मग समझोता झाला. कोर्टात पाच-दहा वर्षं गेली असती, आणि आमच्याकडे एक जून होता. नाव सोडलं. दुकानदार म्हणाले, नाव काढून द्या, माल उचलतो. सगळ्या बायका ब्लेड घेऊन जमिनीवर बसल्या. लेबलाची शिवण उसवायची, कॉलरच्या कापडाला ओरखडा न येता. एक कॉलर फाटली की शर्ट गेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दारात नणंद. विजापूर रस्त्यावरून बस बदलत आली होती, घरी न सांगता.  ती माझ्याजवळ बसली आणि हात पुढे केला. "वदिना, ब्लेड दे."

नको म्हणायला हवं होतं मी. म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता, आणि तिचा हात लहानपणापासून सफाईचा. तिन्हीसांजेपर्यंत ती मान खाली घालून स्वतःचं नाव उसवत राहिली. एकही कॉलर फाटली नाही. मग उठली, ओढणीत पडलेली लेबलं चिंध्यांच्या पोत्यात झटकली आणि चप्पल शोधू लागली.

जेवून जा म्हणायला मी तिला हाक मारणार होते. नाव ओठांवर आलं, आणि मी नुसतंच "अगं" म्हटलं.