गाठ विरेपर्यंत

बायोप्सीचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, हा लिम्फोमा दिसतोय." लिम्फोमा म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचाच कॅन्सर. शेजारी बसलेले आमचे हे एकदम उठून उभे राहिले.

मला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस बरीच वर्षं आहे. या संधिवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. तिला आवर घालायला मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घ्यायची. त्यांच्यामुळंच मला पुन्हा भाकरी थापता आली. मग मानेत गाठ आली, पाठोपाठ काखेतही. दुखत नव्हत्या. ताप येऊ लागला, ब्लाऊज सैल पडले, तेव्हा गडहिंग्लजहून कोल्हापूर गाठलं.

"गोळ्या तर तुमीच दिल्या की!" हे मोठ्यानं म्हणाले. बाहेर बाकावरची माणसं आत बघू लागली.

बाई रागावल्या नाहीत. "मीच दिल्या. त्यांची गरज होती. पण फार क्वचित, प्रतिकारशक्ती दबली की असं होतं. काही जणांच्या गाठी गोळ्या बंद केल्यावर आपोआप विरतात. काही आठवडे वाट बघू. नाही विरल्या तर केमो."

"आणि सांधे?" मी विचारलं.

"दुखतील."

दुखलेच. बोटं सुजून मिटेनात. वेणी जाऊबाई घालायच्या. रोज अंघोळीला मी मान चाचपायची. कधी गाठ लहान वाटायची, कधी मोठी. ह्यांना विचारलं की म्हणायचे, "मला न्हाय कळत. हात लावायचं भ्या वाटतंय बघ."

पुढच्या स्कॅनमध्ये गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. हे भिंतीकडं तोंड करून रडले.

आता गाठी नाहीत. परत येऊ शकतात, हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय. सांध्यांना दुसरं औषध आहे, ते तितकं लागू पडत नाही. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. तरी त्या गोळ्यांना मी दोष देत नाही. तुम्हाला चालू असतील तर घाबरून आपल्या मनानं बंद करू नका. पण नवी गाठ, ताप, उतरणारं वजन डॉक्टरांना लगेच सांगा.

मागच्या खेपेला दवाखान्यात जयसिंगपूरची एक तरुण पोर शेजारी बसली होती. तिलाही हाच संधिवात. ओढणी सरकवून मानेवरची गाठ दाखवत तिनं विचारलं, "काकू, ही साधीच असंल न्हवं?"

माझा नंबर आधी होता. तिला हाताला धरून आत नेलं आणि मी बाहेर येऊन बसले.